न्यू कॅलेडोनियाची फाइल नेमकी कोणाच्या टेबलावर?

मे 2022 ते ऑक्टोबर 2025. या जेमतेम साडेतीन वर्षांत फ्रान्सच्या ‘सागरपार प्रदेश’ खात्याचं, म्हणजे न्यू कॅलेडोनियासारख्या दूरच्या फ्रेंच प्रदेशांचा कारभार पाहणाऱ्या खात्याचं, काम सात जणांनी पाहिलं. याएल ब्रॉन-पिवे, जाँ-फ्रान्स्वा कारेंको, फिलीप विजिए, मारी गेवनू, फ्रान्स्वा-नोएल ब्यूफे, मान्युएल वाल्स आणि शेवटी नाइमा मुचू. ब्रॉन-पिवे यांनी महिना-सव्वा महिन्यात खातं सोडलं, कारण त्यांना संसदेचं अध्यक्षपद हवं होतं. त्यानंतर काही दिवस पंतप्रधान एलिझाबेत बोर्न यांनी ते स्वतःकडे ठेवलं. पुढच्या तिघांच्या डोक्यावर गृहमंत्री जेराल्ड दार्मानाँ होते, म्हणजे खातं नावाला एकाकडे आणि निर्णय दुसऱ्याकडे.

आणि याच साडेतीन वर्षांत, 13 मे 2024 रोजी, न्यू कॅलेडोनिया पेटलं. राजधानी नुमेआत दुकानं, कारखाने, गोदामं, शाळा जळाल्या. आणीबाणी लागली, पॅरिसहून हजारोंच्या संख्येनं पोलीस दल पाठवावं लागलं. 14 माणसं मेली, त्यात दोन पोलीस होते. नुकसान दोन अब्ज युरोंच्या वर गेलं. ज्या बेटांची लोकसंख्या आपल्या एखाद्या मध्यम शहराएवढी, पावणेतीन लाखांच्या आसपास, तिथे ही झळ किती खोल गेली असेल याचा अंदाज करा.

खांदेपालट आणि आग यांचं नातं सरळ कारण-परिणामाचं नाही. मंत्री बदलले म्हणून दंगल झाली, असं कोणी म्हटलं तर ते अर्धवट ठरेल. पण ही फाइल गेल्या चाळीस वर्षांत कोणाकोणाच्या टेबलावरून फिरली हे पाहिल्याशिवाय ती आग समजत नाही, असं माझं ठाम मत आहे.

आधी थोडी ओळख. न्यू कॅलेडोनिया ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला, पॅसिफिक महासागरात आहे. पॅरिसपासून सुमारे 17 हजार किलोमीटर. 1853 मध्ये तिसऱ्या नेपोलियनच्या फ्रान्सनं ही बेटं ताब्यात घेतली आणि 1864 पासून तिथे काळ्या पाण्याच्या शिक्षेचे कैदी पाठवले. मूळचे रहिवासी कनाक. त्यांच्या जमिनी गेल्या, त्यांना ठरावीक वस्त्यांमध्ये कोंबलं गेलं. 1878 मध्ये अताई या प्रमुखाच्या नेतृत्वाखाली उठाव झाला, तो चिरडला गेला. 1887 पासून थेट 1946 पर्यंत कनाकांवर ‘देशी लोकांसाठीचा’ वेगळा कायदा होता, ज्यात परवानगीशिवाय फिरण्याचीही मुभा नव्हती. दरम्यान, 1860 च्या दशकातच, निकेल सापडलं होतं. निकेलसाठी मजूर आले, व्यापारी आले, नोकरदार आले आणि बघता बघता कनाक आपल्याच बेटांवर अल्पसंख्य झाले. 2019 च्या जनगणनेत ते 41 टक्के होते, युरोपीय वंशाचे 24 टक्के, बाकी इतर बेटांवरून आणि आशियातून आलेले आणि मिश्र वंशाचे.

म्हणजे ज्यांचा देश त्यांना स्वातंत्र्य हवं, पण मतदान घेतलं तर ते हरणार. ही या प्रश्नाची मूळ गाठ आहे. मतदार यादीत कोण असावं यावरून तिथे माणसं मरतात ती म्हणूनच. 1986 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी न्यू कॅलेडोनियाला पुन्हा ‘स्वशासन न मिळालेल्या प्रदेशां’च्या यादीत घातलं. आजही ते त्या यादीत आहे.

खातं कोणाचं, हे ठरतं कसं?

फ्रान्समध्ये खात्यांची रचना राज्यघटनेत पक्की केलेली नसते. नवं सरकार आलं की कोणती खाती असतील, कोणाचा दर्जा काय असेल, हे नव्यानं ठरतं आणि प्रत्येक मंत्र्याच्या अधिकारांचा स्वतंत्र अध्यादेश निघतो. सागरपार प्रदेशांना कधी पूर्ण मंत्री मिळतो, कधी गृहमंत्र्याच्या हाताखालचा, आपल्याकडच्या राज्यमंत्र्यासारखा दुय्यम मंत्री. हा दर्जा वरवर प्रोटोकॉलचा मामला वाटतो. पण पूर्ण मंत्री पंतप्रधानांसमोर स्वतःचा मुद्दा मांडू शकतो, अर्थखात्याशी भांडू शकतो. दुय्यम मंत्र्याला आधी आपल्याच वरिष्ठाला पटवावं लागतं.

या खात्याला इतिहास आहे. 1894 मध्ये ते वसाहत मंत्रालय म्हणून स्वतंत्र झालं. दुसऱ्या महायुद्धानंतर नाव बदललं, काम बरंचसं तेच राहिलं. 1954 पर्यंत पुदुच्चेरी, कारैकाल, माहे आणि यानम इथला फ्रेंच कारभारही याच मंत्रालयाच्या अखत्यारीत होता. पॅरिसमधल्या रू उदिनो रस्त्यावर त्याचं जुनं ठाणं आहे, आणि फ्रेंच वर्तमानपत्रं आजही या मंत्रालयाला नुसतं ‘उदिनो’ म्हणतात. तसंच गृहमंत्रालय म्हणजे ‘बोव्हो’ आणि पंतप्रधान कार्यालय म्हणजे ‘मातिन्यों’. न्यू कॅलेडोनियाच्या नशिबाचा बराचसा हिशोब या तीन पत्त्यांमध्ये मांडता येतो. उदिनोकडे कारभार असतो, बोव्होकडे पोलीस असतात आणि मातिन्योंकडे शब्द देण्याचा अधिकार असतो.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. फ्रेंच मंत्र्याचा खासगी सल्लागार-वर्ग, ज्याला तिथे ‘काबिने’ म्हणतात, मंत्र्याबरोबर येतो आणि मंत्र्याबरोबर जातो. कोणत्या बैठकीत कोण काय म्हणाला, कोणी कोणत्या मुद्द्यावर मान डोलावली, कोणत्या वाक्यावर कोणाचा आवाज चढला, हे सगळं या लोकांच्या डोक्यात असतं. कायमच्या अधिकाऱ्यांकडे कागद राहतात. डोक्यातलं निघून जातं.

ऐंशीचं दशक: पाच वर्षांत पाच आराखडे

1981 मध्ये समाजवादी नेते मित्तराँ राष्ट्राध्यक्ष झाले. कनाकांना वाटलं, आता ऐकलं जाईल. खातं आधी आँरी एमान्युएली यांच्याकडे, 1983 पासून जॉर्ज लमोआन यांच्याकडे. लमोआन यांनी 1984 मध्ये स्वायत्ततेचा कायदा आणला. तो स्वातंत्र्यवाद्यांना तोकडा वाटला, फ्रान्सनिष्ठांना जास्त. स्वातंत्र्यवादी पक्षांनी ‘एफएलएनकेएस’ ही आघाडी उभी केली आणि नोव्हेंबर 1984 च्या निवडणुकीवर बहिष्कार टाकला. एलुआ माशोरो या नेत्यानं कुऱ्हाडीनं मतपेटी फोडली, तो फोटो जगभर गेला. 5 डिसेंबरला येंगेन भागात दबा धरून केलेल्या गोळीबारात दहा कनाक मारले गेले. त्यात आघाडीचे नेते जाँ-मारी चिबाऊ यांचे दोन भाऊ होते.

तेव्हा पॅरिसनं एदगार पिझानी यांना हाय कमिशनर, म्हणजे सरकारचे तिथले प्रतिनिधी, म्हणून पाठवलं. 7 जानेवारी 1985 ला त्यांनी ‘स्वातंत्र्य, पण फ्रान्सशी जोडलेलं’ असा आराखडा मांडला. पाचच दिवसांनी, 12 जानेवारीला, माशोरो पोलिसांच्या नेमबाजाच्या गोळीनं मारला गेला आणि आराखडा तिथेच कोसळला. मे महिन्यात पिझानींना खास ‘न्यू कॅलेडोनियाचे मंत्री’ केलं. लमोआन यांचं पद तसंच राहिलं, म्हणजे एका प्रदेशाला दोन वाली. नोव्हेंबरात पिझानी पायउतार झाले. पुढल्या मार्चमध्ये सत्ता उजव्यांकडे गेली, शिराक पंतप्रधान आणि बर्नार पाँस सागरपार मंत्री झाले. पाँस यांनी आधीची रचना मोडून एक नवी रचना आणली, मग 1988 मध्ये आणखी एक. मधल्या काळात 13 सप्टेंबर 1987 ला सार्वमत घेतलं. स्वातंत्र्यवाद्यांनी बहिष्कार टाकला, 98 टक्के मतं फ्रान्सच्या बाजूनं पडली. त्या आकड्यानं कोणाचंही समाधान झालं नाही. ऑक्टोबरात येंगेनच्या मारेकऱ्यांची निर्दोष सुटका झाली.

एप्रिल 1988. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीची धामधूम. उवेआ बेटावर कनाक तरुणांनी पोलीस ठाण्यावर हल्ला केला, चार पोलीस मारले गेले, 27 जणांना ओलीस ठेवलं. 5 मे रोजी, मतदानाच्या दुसऱ्या फेरीच्या तीन दिवस आधी, लष्करानं ओलिसांना ठेवलेल्या गुहेवर हल्ला चढवला. 19 कनाक आणि दोन सैनिक ठार झाले. मतपेटीचं राजकारण पॅरिसमध्ये चाललं होतं आणि प्रेतं उवेआत पडली. हे वाक्य लिहिताना आजही राग येतो.

पंतप्रधानांनी फाइल स्वतःकडे घेतली तेव्हा

मित्तराँ पुन्हा निवडून आले. 10 मे 1988 ला मिशेल रोकार पंतप्रधान झाले. त्यांनी जे केलं ते आजच्या सत्ताधाऱ्यांनी नीट वाचायला हवं. उवेआच्या रक्ताला दोन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा त्यांनी क्रिस्तियाँ ब्लाँ यांच्या नेतृत्वाखाली एक संवाद-पथक पाठवलं. त्यात अधिकारी होतेच, पण एक कॅथलिक पाद्री होता, प्रोटेस्टंट महासंघाचे अध्यक्ष होते, फ्रीमेसन या बंधुत्व-संघटनेचे माजी प्रमुख होते. कनाक वस्त्यांमध्ये दोन्ही पंथांचे ख्रिस्ती होते आणि युरोपीय वस्तीत फ्रीमेसन. प्रत्येकाला कोणीतरी आपल्या ओळखीचा वाटेल असं पथक निवडलं होतं. ही माणसं वस्त्या-वस्त्यांमध्ये बसली. त्यांनी आराखडा दिला नाही. ऐकून घेतलं.

जूनअखेर चिबाऊ आणि फ्रान्सनिष्ठांचे नेते जाक लाफ्लर पंतप्रधानांच्या निवासस्थानी समोरासमोर आले. 26 जून 1988 ला मातिन्यों करार झाला आणि दोघांनी हात मिळवला. ज्याचे दोन भाऊ मारले गेले आणि मारेकरी मोकळे सुटले, त्या माणसानं तो हात पुढे केला. (2022 मध्ये नुमेआतल्या चौकात या हस्तांदोलनाचा पुतळा उभा राहिला, आणि त्यासाठी कनाकांचा उठाव चिरडणाऱ्या गव्हर्नर ओल्री यांचा पुतळा हलवला गेला.)

करारात दहा वर्षांची मुदत होती. तीन प्रांत झाले, त्यांपैकी उत्तर प्रांत आणि लॉयल्टी बेटं कनाकांच्या हाती आली. 1990 मध्ये उत्तर प्रांतानं सरकारी मदतीनं लाफ्लर यांचीच निकेल कंपनी विकत घेतली. स्वातंत्र्यवादी पहिल्यांदा खाणमालक झाले. चिबाऊ हे पाहायला नव्हते. 4 मे 1989 ला उवेआत, करार मान्य नसलेल्या एका कनाकानंच त्यांचा खून केला होता.

तरीही करार टिकला. का? एक कारण चिबाऊ आणि लाफ्लर यांची उंची. दुसरं कारण मात्र कमी सांगितलं जातं. जून 1988 मध्ये सागरपार खातं लुई ल पाँसेक यांच्याकडे आलं आणि मार्च 1993 पर्यंत त्यांच्याचकडे राहिलं. मधे तीन पंतप्रधान झाले, पण रोजचं काम पाहणारा माणूस जवळजवळ पाच वर्षं तोच होता. आणि करारावर देखरेख करायला सह्या करणाऱ्यांची समिती नेमली गेली, जिच्या बैठका पुढे पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखाली होत राहिल्या. उजवं सरकार असो की डावं, पंतप्रधान या प्रश्नात पंच राहील, खेळाडू होणार नाही, असा अलिखित दंडक पडला.

त्याच दंडकावर 5 मे 1998 चा नुमेआ करार उभा राहिला. पंतप्रधान लिओनेल जोस्पाँ स्वतः गेले. करारात वसाहतकाळाच्या ‘सावल्यां’ची उघड कबुली होती. अधिकार टप्प्याटप्प्यानं स्थानिक सरकारकडे जातील आणि परत घेतले जाणार नाहीत. प्रांतिक निवडणुकीत मतदान करतील ते 1998 पूर्वी तिथे असलेले लोक आणि त्यांची मुलं. नंतर आलेल्यांना तो हक्क नाही. आणि शेवटी स्वातंत्र्यावर तीन सार्वमतं घेता येतील.

2007 नंतर उदिनोत मंत्री भराभर बदलले. एस्त्रोझी, झेगो, पाँशार, ल्युरेल, पो-लांझव्हँ, बारेट्स. दहा वर्षांत सहा. तरी बेटं शांत होती, कारण खरी फाइल मातिन्योंत होती. 2018 च्या पहिल्या सार्वमताची तयारी पंतप्रधान एदुआर फिलीप यांनी स्वतः केली. प्रश्नाचा मसुदा, यादीचे वाद, सगळं दोन्ही बाजूंना बसवून. 4 नोव्हेंबर 2018 ला 56.7 टक्के लोकांनी स्वातंत्र्य नाकारलं आणि निकाल दोन्ही बाजूंनी मानला. ऑक्टोबर 2020 च्या दुसऱ्या सार्वमतात फरक कमी होऊन नकार 53.3 टक्क्यांवर आला.

पंच खेळाडू झाला

जुलै 2020 मध्ये फिलीप गेले, जाँ कास्तेक्स आले. कास्तेक्स यांनी या विषयात फारसं लक्ष घातलं नाही, फाइल नवे सागरपार मंत्री सेबास्तियाँ लकोर्नू यांच्याकडे गेली. लकोर्नू मेहनती होते, बेटांवर दीर्घ मुक्काम करून आले. पण तिसऱ्या सार्वमताची तारीख त्यांनी 12 डिसेंबर 2021 ठरवली. फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्ष-निवडणुकीच्या आधी विषय मिटवायचा, हा त्यातला हिशोब लपत नव्हता.

सप्टेंबर 2021 मध्ये कोविड बेटांवर शिरला. काही आठवड्यांत पावणेतीनशेच्या आसपास माणसं गेली, त्यात मोठा वाटा कनाक आणि इतर बेटांवरच्या लोकांचा होता. कनाक रीतीत मृत्यूनंतरचे विधी लांबतात, सगळी वस्ती त्यात गुंतते. पारंपरिक प्रमुखांच्या सभेनं वर्षभराचा शोक जाहीर केला आणि तारीख पुढे ढकला, शोकात प्रचार कसा करायचा, अशी विनंती झाली. सरकार हललं नाही. स्वातंत्र्यवाद्यांनी बहिष्कार टाकला, मतदान 44 टक्क्यांवर आलं आणि नकार 96.5 टक्क्यांवर गेला. 1987 ची पुनरावृत्ती झाली. पॅरिसनं मात्र हा निकाल अंतिम मानला.

2022 च्या मे महिन्यात लकोर्नू संरक्षणमंत्री झाले. ब्रॉन-पिवे आल्या आणि गेल्या. जुलैमध्ये ‘गृह आणि सागरपार’ असं एकच मंत्रालय करून ते दार्मानाँ यांना दिलं गेलं. माझ्या मते सगळ्या बदलांत घातक बदल हाच. ज्या लोकांशी वाटाघाटी करायच्या, त्यांच्या मोर्च्यांवर पोलीस पाठवणारं खातंही तेच. आणि त्याच सरकारात, त्याच गृहमंत्रालयात, फ्रान्सनिष्ठांच्या एक प्रमुख नेत्या सोनिया बाकेस राज्यमंत्री झाल्या. त्या दक्षिण प्रांताच्या अध्यक्षही राहिल्या. हे पाहून कोणता कनाक सरकारला पंच म्हणेल?

दार्मानाँ बेटांवर वारंवार गेले, मेहनतीत ते कमी पडले नाहीत. पण एकमत होईना म्हणून त्यांनी एकतर्फी घटनादुरुस्ती पुढे रेटली. सलग दहा वर्षं राहणाऱ्यांना प्रांतिक निवडणुकीत मत मिळावं, म्हणजे सुमारे 25 हजार नवे मतदार. इतकी वर्षं तिथे राहून, कर भरून मत नसणं अन्यायाचं आहे, हे म्हणणं चूक नाही. पण कराराचा हा कणा होता आणि तो एका बाजूच्या संमतीशिवाय काढला जात होता. खालच्या सभागृहात विधेयकाचा अहवाल मांडायला निवडले गेले ते निकोला मेत्झदोर्फ, म्हणजे फ्रान्सनिष्ठांचेच खासदार. 14 मेच्या मध्यरात्रीनंतर विधेयक मंजूर झालं तेव्हा नुमेआ आदल्या दिवसापासून जळत होतं.

त्याला आणखी एक धार होती. फेब्रुवारी 2024 मध्ये उत्तर प्रांतातल्या कोनियांबो निकेल कारखान्यानं उत्पादन थांबवलं. सुमारे 1200 नोकऱ्या. दंगलीतल्या तरुणांना राज्यघटनेचं कलम पाठ होतं असं कोणी समजू नये. काम नाही आणि आता मतालाही किंमत राहणार नाही, एवढं त्यांना पुरेसं होतं.

23 मे रोजी राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन धावत गेले. तीन वरिष्ठ अधिकाऱ्यांचं संवाद-पथक बरोबर नेलं, ब्लाँ यांच्या पथकाची आठवण व्हावी असं. पण 9 जूनला मॅक्रॉन यांनीच संसद विसर्जित केली आणि ते पथकही वाऱ्यावर राहिलं. जूनअखेरीस स्वातंत्र्यवादी नेते क्रिस्तियाँ तेन आणि इतरांना अटक करून फ्रान्सच्या तुरुंगात नेलं. ऑगस्टमध्ये एफएलएनकेएसनं तुरुंगातल्या तेन यांनाच अध्यक्ष निवडलं.

मंत्र्याबरोबर काय जातं?

न्यू कॅलेडोनियात कामाला गेलेला मंत्री आधी ‘कुतुम’ करतो. समोर जमातीचे प्रमुख उभे असतात. पाहुणा त्यांच्यापुढे रंगीत कापड ठेवतो, त्यावर तंबाखूचं पाकीट, एखादी नोट, कधी कोनफळ. मग थोडक्यात बोलतो, मी कोण, कुठून आलो, कशासाठी आलो. यजमानांपैकी एक जण उत्तर देतो, कापड उचललं जातं आणि आता बोलणी होऊ शकतात. कनाक समाजात शब्द माणसाला बांधलेला असतो. ज्यानं दिला त्यानं पाळायचा. आता साडेतीन वर्षांत पुन्हा पुन्हा नवा माणूस तेच कापड ठेवतो आणि ‘मी तुमचं ऐकायला आलो आहे’ म्हणतो, तेव्हा समोरच्या वृद्धाच्या मनात काय येत असेल? आधीच्याला सांगितलेलं सगळं कुठे गेलं, हा त्याचा प्रश्न अगदी रास्त आहे.

याची एक दुसरी बाजूही आहे. ज्याला ठाऊक असतं की समोरचा मंत्री सहा महिन्यांत जाणार, तो तडजोड करत नाही, वाट पाहतो. फ्रान्सनिष्ठही वाट पाहतात, स्वातंत्र्यवादीही. सतत खांदेपालट म्हणजे दोन्हीकडच्या अडेल लोकांना बक्षीस, आणि जो मध्यममार्गी आज सही करेल त्याच्या गळ्याला फास, कारण उद्याचा मंत्री ती सही पाळेलच याची हमी नाही.

हे दुखणं फक्त फ्रेंचांचं नाही. 1953 मध्ये ब्रिटिशांनी मध्य आफ्रिकेत ऱ्होडेशिया आणि न्यासालँडचं संघराज्य केलं. त्यातला दक्षिण ऱ्होडेशिया राष्ट्रकुल खात्याकडे आणि बाकीचे दोन प्रदेश वसाहत खात्याकडे. 1960-61 मध्ये वसाहतमंत्री मॅक्लाउड आफ्रिकन बहुमताकडे झुकले, राष्ट्रकुलमंत्री सँडीज गोऱ्या स्थायिकांकडे, आणि एकाच सरकारातले दोन मंत्री एकमेकांविरुद्ध ओढू लागले. शेवटी मार्च 1962 मध्ये पंतप्रधान मॅकमिलन यांनी दोन्ही खात्यांकडून फाइल काढून बटलर यांच्या एकट्याच्या हाती दिली. दीड-दोन वर्षांत, 1963 अखेर, संघराज्य विसर्जित झालं. शेवट कटू होता, पण निदान एक माणूस उत्तर द्यायला होता.

मंत्री बदलणं प्रत्येक वेळी वाईटच, असंही नाही. 1988 मध्ये पाँस गेले म्हणूनच वाट निघाली. सप्टेंबर 2024 मध्ये दार्मानाँ गेले, खातं गृहमंत्रालयातून काढून थेट पंतप्रधानांशी जोडलं गेलं आणि 1 ऑक्टोबरला मिशेल बार्निए यांनी ती घटनादुरुस्ती पुढे नेणार नाही असं जाहीर केलं. ब्यूफे शांतपणे काम करू लागले. पण डिसेंबरात बार्निए यांचं सरकारच पडलं.

मग मान्युएल वाल्स आले, माजी पंतप्रधान. तरुणपणी त्यांनी रोकार यांच्याच कार्यालयात काम केलेलं होतं, म्हणून 1988 ची पद्धत त्यांना आतून ठाऊक होती. ते फेब्रुवारी 2025 पासून पुन्हा पुन्हा गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सगळे पक्ष एका टेबलाशी बसले. मे महिन्यात देवा इथली बैठक फिसकटली. जुलैत पॅरिसजवळच्या बूजिव्हाल गावात पुन्हा बोलणी झाली आणि 12 जुलैला सह्या झाल्या. फ्रान्समध्ये राहूनच ‘न्यू कॅलेडोनियाचं राज्य’, स्वतःचं नागरिकत्व, राज्यघटनेत स्थान. ऑगस्टमध्ये एफएलएनकेएसनं करार नाकारला, हे आपलं स्वातंत्र्य नव्हे म्हणून. त्याच आघाडीतून बाहेर पडलेल्या मवाळ स्वातंत्र्यवाद्यांनी तो उचलून धरला. वाल्स पुन्हा विमानात बसले. ऑक्टोबरात सरकार बदललं आणि त्यांना वगळलं गेलं.

नवे पंतप्रधान सेबास्तियाँ लकोर्नू. तेच, ज्यांनी 2021 ची तारीख ठरवली होती. बेटांची खडान्‌खडा माहिती असलेला असा पंतप्रधान फ्रान्सला फार दिवसांनी मिळाला, हे खरं. आणि कनाकांचा ज्याच्यावर सर्वात कमी विश्वास तोही हाच, हेही खरं. त्यांनी उदिनोत नेमलं नाइमा मुचू यांना, ज्यांचा या विषयाशी आधी फारसा संबंध नव्हता.

प्रांतिक निवडणुका मे 2024 मध्ये व्हायच्या होत्या. त्या तीनदा पुढे गेल्या आणि 2025 मध्ये त्या जून 2026 अखेरपर्यंत घ्यायच्या असं ठरलं. बूजिव्हालचा मसुदा घटनेत घालायचा तर संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या संयुक्त बैठकीत तीन पंचमांश मतं हवीत, आणि 2024 च्या विसर्जनानंतर खालच्या सभागृहात कोणत्याच गटाला साधं बहुमतही नाही. एप्रिल 2027 मध्ये फ्रान्समध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक आहे. तेव्हा खातेवाटप पुन्हा नव्यानं होईल.